बांधावरची वाट

रत्नागिरी आणि सायकल हे दोन शब्द एका ओळीत आले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, असा आमचा अनुभव आहे. घाट, वळणे, जांभ्या दगडाचे उघडेबोडके सडे आणि सड्यावरून एकदम खाली समुद्राकडे झेपावणारे रस्ते. अशा मुलखात सायकल चालवायची कोणी आणि कशासाठी? वसईच्या सपाट वाड्यांतून भाजीपाल्याची टोपली मागे बांधून पहाटेची गाडी गाठणाऱ्या आपल्या वाडवडिलांची गोष्ट निराळी. तिथली भुईच चाकासाठी केलेली. कोकणच्या दक्षिणेला मात्र देवाने माणसाला पाय दिले आणि पाण्यात होडी दिली, चाकाचा विचार त्याच्या मनात नसावा, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला हसत हसत ऐकवले होते.

हे म्हणणे खोटे नाही, पण पुरतेही नाही. रत्नागिरीच्या अंगात एक दुसरी रत्नागिरी आहे. ती सड्यावरून दिसत नाही. तिच्यासाठी खाली उतरून खाडीच्या काठाला लागावे लागते. तिथे डोंगराचा पायथा संपतो आणि पाण्याला सुरुवात होते, त्या दोहोंच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी, हातरुमालासारखी सपाट पट्टी असते. कुठे ती शंभर पावलांची, कुठे मैलभराची. हीच खाजणे, हीच खारभूमी. सायकल या जिल्ह्यात खऱ्या अर्थाने नांदली ती याच पट्टीत, आणि म्हणून सायकलीचा इतिहास शोधायला निघालेल्याला आधी या पट्टीचा इतिहास विचारावा लागतो. कारण ही सपाटी निसर्गाने दिलेली नाही. ती माणसाने केलेली आहे.

सह्याद्रीची धार येथे समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांवर उभी आहे. नद्यांना धावायला अंतरच नाही. त्या घाटातून कोसळतात, थोड्या वाहतात आणि समुद्राच्या भरतीला सामोऱ्या जातात. उत्तरेकडून मोजत आलो तर सावित्रीची बाणकोट खाडी, भारजेची केळशीची, जोग नदीची आंजर्ल्याची, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची आणि पुढे जैतापूरची. प्रत्येक खाडीत खारे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा परतते. वाशिष्ठीत तर ते थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. येताना समुद्राकडून आणि जाताना डोंगराकडून आणलेला गाळ हे पाणी काठाला टाकून जाते. त्या गाळावर चिपी आणि तिवर उगवते, चिखलात कालवे आणि मुळे वाढतात, आणि भरतीला सारे पुन्हा पाण्याखाली जाते.

या चिखलातून शेत कसे काढले, ते पाहण्यासारखे आहे. दगड, जांभा, चिकणमाती आणि झाडांचे फाटे घालून खाडीच्या बाजूला बांध उभा करायचा. बांधाच्या पोटात एक दार ठेवायचे, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीची फळी खाडीच्या अंगाला टांगलेली असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. तिला ना पहारेकरी लागतो ना किल्ली. पहिल्या पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे, ते उघाडीतून खाडीत सोडायचे, आणि मग मोड आलेले बी फेकून ‘रहू’ पद्धतीने, अथवा रोपे लावून, भाताचे एक पीक घ्यायचे. वर्षात एकच. दिवाळीच्या आगेमागे कापणी झाली की जमीन पुन्हा खारटते, भेगाळते आणि पुढल्या जूनची वाट पाहते.

बांध एकदा घातला म्हणजे झाले, असे नसते. खेकडे त्याला बिळे पाडतात. बोटभर बिळातून उधाणाचे पाणी घुसले की पहाटेपर्यंत हातभर वाट होते आणि दुसऱ्या भरतीला बैलगाडी जाईल एवढे खिंडार. एकदा खारे पाणी शेतात बसले की दोन-तीन पावसाळे पीक नीट येत नाही. म्हणून बांधाची राखण हे खाडीकाठच्या गावाचे न संपणारे काम होते. आणि हे काम कोणी केले? या जिल्ह्यात जमिनीचा सारा गोळा करण्याचा हक्क बहुतांश खोताकडे होता. कुळाने चिखलात उभे राहायचे, माती वाहायची, वेठीला जायचे, आणि पिकल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या अंगणात नेऊन घालायचा. शेजारच्या, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन कसायचेच नाकारले, ते याच अन्यायाविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने खारभूमीचा कायदा केला आणि मोठ्या बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे सरकू लागली. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला.

रत्नागिरीतल्या किल्ल्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पूर्णगड, जयगड, सुवर्णदुर्ग यांचे बुरूज कोणी बांधले, कोणी जिंकले, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. बांधांचा मात्र एकही शिलालेख नाही. ज्या हातांनी ते घातले त्यांची नावे कोणत्याही बखरीत सापडत नाहीत. आम्हाला हे फार खटकते. किल्ल्याने माणसे मारली किंवा राखली असतील. बांधाने शेकडो वर्षे माणसे जेवू घातली.

गोव्यात ही गोष्ट थोडी निराळ्या रीतीने घडली. तिथेही हीच खाजणे, हेच बांध, आणि उघाडीला ते ‘मानस’ म्हणतात. पण तिथे बांध हे गावकरीचे, म्हणजे साऱ्या गावसंस्थेचे ओझे होते. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली गावकरीचे जुने रीतिरिवाज एका सनदेत लिहून घेतले, तेव्हा त्या रिवाजांना आधीच पुष्कळ वय झालेले होते. राज्य बदलले, पुढे लोकांचा धर्म बदलला, तरी बांधाची राखण बदलली नाही. चर्चचा सण आणि मानशीची दुरुस्ती एकाच पंचांगात बसली. रत्नागिरीत गाव आणि बांध यांच्या मधे खोत उभा होता, आणि खोत गेल्यावर सरकारी कचेरी आली. हा फरक पुढे लक्षात ठेवावा लागेल.

आता वाटेकडे वळू. चाक येण्यापूर्वी या प्रदेशात माणूस कसा फिरत होता? माल पडावातून आणि मचव्यातून, माणसे पायी. प्रवासाचे अंतर मैलांत कोणी सांगत नसे. मधे खाड्या किती, ते सांगत. धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे विद्यार्थी असताना, १८७५ च्या सुमारास, सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून पायी साताऱ्याला गेले, फार लांबची ती चाल. आणि तिथे पोहोचल्यावर ‘तुझे वय सतराचे दिसत नाही’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. ही हकिकत महर्षींच्या चिकाटीचा दाखला म्हणून नेहमी सांगतात. आम्हाला तिच्यात रस्त्याचा इतिहासही दिसतो.

खाडी ओलांडायला ‘तर’ असे. तरीवर होडी, होडीवाला आणि त्याची ठरलेली उतराई. रत्नागिरीच्या उत्तरेला साखरतर नावाचे गाव आहे. आता तिथे पूल आहे, पण नाव उच्चारताच कानाला तर ऐकू येते. तरीवर जाणाऱ्याला घड्याळाची गरज नसे, तिथी ठाऊक असली की पुरे. तिथीला पाऊणपट करावी, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहा, दशमी असेल तर साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी सुकती. हे गणित आमच्या पिढीतल्या किती जणांना येते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारून पाहिला आहे.

या पाण्याच्या आणि पायांच्या मुलखात सायकल बरीच उशिरा आली. कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ मध्ये मानहाइम येथे पायांनी जमीन रेटत पळवायची दुचाकी काढली. जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल १८८५ ची. आणि बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेचा टायर १८८८ मध्ये काढला. या तीन वर्षांपैकी खाडीकाठच्या दृष्टीने महत्त्वाचे १८८८. भरीव चाक बांधाच्या मऊ मातीत सुरीसारखे रुतते; हवेचे चाक तिच्यावरून तरंगत जाते. इंग्लंडातून येणाऱ्या सायकली हिंदुस्थानात प्रथम साहेबांकडे आणि मग वकील-डॉक्टरांकडे दिसू लागल्या. सामान्य माणसाच्या हाती त्या आल्या स्वातंत्र्यानंतर, जेव्हा मद्रासजवळ १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलास, आसनसोलला १९५२ मध्ये सेन-रॅले आणि लुधियानाला १९५६ मध्ये हिरो, असे कारखाने उभे राहिले. काळी, उंच, दांडीची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली ही गाडी. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या जिल्ह्याचा संसार चाले, तिथे ती घेणे सोपे नव्हते. ज्या घरात आली तिथे ती गायीसारखी राखली गेली.

तिच्यावर बसले कोण? पोस्टमन, शाळामास्तर, पाववाला, आणि टोपलीत बर्फाखाली मासळी घेऊन ‘पों पों’ करीत वाडीवाडीला जाणारा मासळीवाला. गोव्यातला पोदेर आणि हा आमचा पाववाला यांचे भोंगे तर सख्ख्या भावांसारखे वाजतात. दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत शाळेला जाणारी मुले पुढे आली. आणि हेही नमूद केले पाहिजे की डोक्यावर पाटी घेऊन याच बांधावरून जाणारी बाई कितीतरी वर्षे पायीच राहिली. सायकलची घंटी ऐकली की ती शेताच्या बाजूला उतरून वाट देई. चाकाने सर्वांना एकदम मोकळे केले, असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

बांधावरच्या सायकलस्वाराला दोन शत्रू होते. एक मीठ. खारी हवा लोखंड खाते; चार-सहा महिने तेल दिले नाही तर चेन लाकडासारखी ताठ होते आणि रिममध्ये तारा गंजून तुटतात. म्हणून घरी आले की आधी गोड्या पाण्याने चाके धुवायची, मग तेलाचे बोट फिरवायचे. दुसरा शत्रू वारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारपासून समुद्राकडून खारे वारे. खाडीच्या मुखाकडे जायचे तर सकाळी निघावे आणि आत डोंगराकडे परतायचे तर दुपारी. दोन्ही वेळा वारा पाठीशी. शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांचे हेच शास्त्र होते, सायकलने ते जसेच्या तसे उचलले. हे न कळणारा शहरी पाहुणा दोन्ही वेळा वाऱ्याच्या तोंडी सापडतो आणि घरी जाऊन कोकणच्या चढांना दोष देतो. चढ तर होतेच. सड्यावर सगळेच उतरून सायकल हाताने ढकलीत, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आणि तर आली की सायकल होडीत आडवी.

आपल्या ख्रिस्तसभेने सायकलस्वारांना एक आश्रयदात्री दिली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. इटलीत कोमो सरोवराच्या वर, गिसाल्लो नावाच्या टेकडीवर पवित्र मरियेचे एक लहानसे प्रार्थनालय आहे. पोप पायस बारावे यांनी १९४९ साली या गिसाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. ती टेकडी चढून येणारे शर्यतपटू तिथे थांबतात, आणि आत भिंतीवर त्यांच्या सायकली नवसाच्या मेणबत्त्यांसारख्या टांगलेल्या आहेत. त्या काळचा इटलीचा थोर शर्यतपटू जिनो बार्ताली याने १९३८ आणि पुन्हा दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, फ्रान्सची महाशर्यत जिंकली. मधली वर्षे युद्धाची. तेव्हा फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाला कोस्ता यांच्या गुप्त मदतकार्यात सामील होऊन सरावाच्या निमित्ताने तो फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत सायकल मारी आणि सायकलच्या पोकळ नळीत ज्यू निर्वासितांसाठी बनावट ओळखपत्रे दडवून नेई. जिवंत असेतो याविषयी तो फारसे बोलला नाही. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याला २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, राष्ट्रांमधील नीतिमान म्हणून गौरविले. हे विषयांतर वाटेल. पण पोस्टमनच्या पिशवीपासून बार्तालीच्या नळीपर्यंत सायकलचा स्वभाव एकच आहे, कोणाच्या डोळ्यांत न भरता जायचे तिथे जाऊन पोहोचणे. रत्नागिरी जिल्ह्यात आपले श्रद्धावंत थोडे आणि एकमेकांपासून दूरदूर राहणारे. २००५ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याचा नकाशा समोर ठेवला की रविवारची मिस्सा येथे किती खाड्यांची गोष्ट आहे, ते समजते.

सपाट पाणथळ प्रदेश आणि सायकल यांची खरी गट्टी जमली ती हॉलंड आणि फ्लँडर्समध्ये. तिथली कितीतरी जमीन बांध घालून समुद्राकडून घेतलेली, आणि त्या बांधांच्या माथ्यावरून मैलोगणती सायकलच्या वाटा. फ्लँडर्समधल्या गावोगावच्या शर्यतींना ज्या ‘केर्मिस’वरून नाव पडले, तो शब्द मुळात चर्चच्या अर्पणदिनाच्या मिस्सेचा, म्हणजे आपल्या धर्मग्रामाचा सणच. सकाळी मिस्सा, दुपारी गावाभोवती सायकलींची शर्यत. पण आम्हाला हेवा वाटतो तो शर्यतींचा नव्हे. हॉलंडात बांधांसाठी तेराव्या शतकापासून पाणीमंडळे आहेत. लोक त्यांची निवडणूक करतात, त्यांना वेगळा कर देतात, आणि ती आजही चालू आहेत. तरीसुद्धा १९५३ च्या फेब्रुवारीतील वादळी रात्री बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे गेली. बांधाकडे पाठ फिरवण्याची किंमत त्या लोकांना ठाऊक आहे.

रत्नागिरीत काय झाले? खोत गेला, हे उत्तमच झाले. पण खोताबरोबर बांधाची सामूहिक राखणही विस्कटली. ज्याला वेठ म्हणून माती टाकावी लागे त्याने ती आनंदाने सोडून दिली, आणि त्या जागी ‘आमचा बांध’ म्हणणारी गोव्यासारखी गावसंस्था उभी राहिली नाही. बांध कोणाचा? तर खारलँडचा, असे उत्तर रूढ झाले. त्यातच तरुण माणसे मुंबईला गेली. एका पिकासाठी वर्षभर खेकड्यांशी भांडायला घरी कोण उरले? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, पण बी आहे आणि हात नाहीत, अशी पुष्कळ ठिकाणी अवस्था आहे. बांध फुटले, ते तसेच राहिले. फुटलेल्या बांधाआड पुन्हा चिपी वाढली.

येथे आमचे मन दोन्हीकडे ओढ घेते, हे कबूल केले पाहिजे. कांदळवन हे काठाचे कवच आहे, माशांच्या पिल्लांचे पाळणाघर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, राज्याने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष उघडला, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष हा मान मिळाला. हे सारे योग्यच होते. प्रत्येक फुटका बांध पुन्हा बांधावा, असे आम्ही म्हणणार नाही. पण जिथे अजून एखादे कुटुंब भात लावते, जिथे त्या बांधावरून पोरे शाळेत जातात, तिथला बांध जाऊ देणे म्हणजे केवळ शेत जाऊ देणे नव्हे. दोन वाड्यांमधली वाट जाते. मग वरच्या सड्यावरून वळसा, आणि वळशाला मोटार.

मोठ्या रस्त्यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. खाड्यांवर पूल झाले, तरी बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रेवस-रेड्डी सागरी मार्गाने किनारा जोडत आणला. गंमत अशी की २००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान तर परत आली, मोटारी वाहणाऱ्या फेरीबोटीच्या रूपाने. पोरांच्या सायकलींची जागा आधी मोपेडने घेतली, मासळीवाल्याची टोपली एम-एटीवर चढली. ॲटलासचा शेवटचा मोठा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आणि त्याच सुमारास रत्नागिरी, चिपळूण, दापोली येथे सायकलींचे क्लब भरभराटीला आले. हेल्मेट घातलेले डॉक्टर, शिक्षक आणि गृहिणी रविवारी पहाटे भाट्याच्या पुलावरून दक्षिणेला पावसकडे जाताना दिसतात. त्यांच्या सायकली हलक्या, रंगीत आणि महाग. चढ त्यांना अडवीत नाहीत. आम्हाला त्यांचे कौतुक आहे. फक्त पुलावरून एकदा डावीकडे, खाडीच्या आतल्या अंगाला त्यांनी पाहावे, असे वाटते.

आम्ही तसे पाहिले ते एका माघातल्या दशमीला. काजळीच्या काठाकाठाने, समुद्राकडे पाठ करून, सोमेश्वर, तोणदे, हातीस या गावांच्या रोखाने निघालो. भरती साडेसातची, म्हणजे दीडच्या सुमारास सुकती, वारा पाठीशी. एका बाजूला खाडी उतरत होती, तिच्या चिखलावर बगळे उभे होते. दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताचे धसकट आणि त्यात पांढुरके मीठ. मधे दोन हात रुंदीचा बांध. चाक त्याच्यावर आवाज न करता चालते. सड्यावरच्या रस्त्याने गेलेल्या माणसाला हा जिल्हा असा असेल, हे सांगूनही पटणार नाही.

अर्ध्या तासाने वाट संपली. पुढे बांध फुटलेला होता, दहा-बारा हात, मधे गुडघाभर चिखल. पलीकडच्या टोकावर एक म्हातारे गृहस्थ कमरेला पंचा बांधून फावड्याने खेकड्यांची बिळे बुजवीत होते. आम्ही थांबलेलो पाहून त्यांनी फावडे रोवले आणि आले. काही न बोलता त्यांनी मागचे चाक कॅरिअरला धरून उचलले. आम्ही हँडल धरले. पलीकडे गेल्यावर आम्ही विचारले की हा भाग कधी बांधणार. ते म्हणाले, आपल्या शेतापुरता आपण राखतो, पुढच्याचा मालक मुंबईला असतो. मग त्यांनी झाडाखाली ठेवलेली पाण्याची कळशी आणली, आमच्या सायकलच्या चेनवर आणि दोन्ही चाकांवर ओतली, चिखल आणि खारे पाणी धुऊन काढले, आणि पुन्हा फावडे उचलले.